प्याद्यांस गुण देणारा गणिती : ॲलन ट्यूरिंग

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या तिन्ही गांवांतील घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : गुण किती मिळाले ? ज्यास अधिक मिळाले त्याच्या घरीं पेढे वांटले जातात. ज्यास कमी मिळाले तो पुस्तकांत तोंड लपवून बसतो. गुण द्यावे लागतात आणि ते मोजावेही लागतात, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु गुण देणाऱ्यानें काय पाहिलें आणि काय पाहावयाचें राहून गेलें, हा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक क्वचितच करतात. ज्यांच्या चरित्रांत हा विचार जागोजागीं आपल्यापुढें उभा राहतो, अशा एका थोर गणितज्ञाची हकीकत आम्ही या अंकांत वाचकांस सादर करीत आहों. बुद्धिबळाच्या पटावरील प्याद्यांचें मोल यंत्रानें कसें ठरवावें, याचा विचार ज्यांनीं अगदीं आरंभीं केला, त्यांत अग्रभागीं असलेले हे गृहस्थ म्हणजे ॲलन मॅथिसन ट्यूरिंग होत.

आमच्या स्थानकांवरून रोज दक्षिणेकडे आगगाड्या धडधडत जातात. हा लोहमार्ग कल्याणाहून निघून आमच्या तिन्ही गांवांस स्पर्श करीत कर्जतास पोंचतो, बोरघाट चढून पुण्यास जातो, आणि पुढें रायचूर येथें मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळतो. या दोन मार्गांचा सांधा इ. स. १८७१ सालीं जुळला. त्या मद्रास रेल्वेचे एक मुख्य अभियंते एडवर्ड वॉलर स्टोनी हे आपल्या चरित्रनायकाचे मातामह होत. त्यांची कन्या एथेल सारा हिचा जन्म मद्रास इलाख्यांतील पोदनूर येथें झाला, आणि तिचे पति ज्युलियस ट्यूरिंग हे त्याच इलाख्यांत सनदी नोकरींत होते. या दांपत्याचा धाकटा पुत्र ॲलन ता. २३ जून १९१२ रोजीं लंडन शहरीं जन्मला.

त्या काळीं हिंदुस्थानांत चाकरी करणारे इंग्रज अधिकारी येथील उन्हाळ्याच्या व रोगराईच्या भयानें आपलीं मुलें विलायतेंत ठेवीत. ॲलन व त्याचा वडील भाऊ जॉन यांच्याही वांट्यास हेंच आलें. समुद्रकिनाऱ्यावरील एका निवृत्त कर्नलाच्या कुटुंबांत हे दोघे भाऊ वाढले. आईबापांची भेट रजेच्या दिवसांत काय ती होई. ज्यांचे वडील पोटासाठीं दूर देशीं राहतात अशीं मुलें आमच्याही वर्गांत आहेत. या एकट्या मुलाच्या मनाची कल्पना त्यांस सहज करतां येईल.

इ. स. १९२६ सालीं ॲलन शेरबोर्न येथील प्रसिद्ध विद्यालयांत दाखल झाला. सत्र सुरू होण्याच्या वेळींच इंग्लंडांत सार्वत्रिक संप होऊन आगगाड्या बंद पडल्या. फ्रान्सहून आगबोटीनें आलेला हा चौदाव्या वर्षांतील मुलगा साउथॅम्प्टन बंदरास उतरला, त्यानें आपली सायकल घेतली, वाटेंत एका खानावळींत रात्र काढली, आणि साठ मैलांवर वाट तुडवून तो दुसरे दिवशीं शाळेच्या दारांत हजर झाला. बदलापुराहून मुंबईस जावें आणि पुन्हां निम्मी वाट परत यावें, इतका हा प्रवास होता.

एवढ्या जिद्दीच्या मुलास शाळेनें गुण मात्र बेताचेच दिले. अक्षर वाईट, वही शाईनें डागाळलेली, उत्तर बरोबर परंतु रीत गाळलेली, अशा तक्रारी त्याच्या प्रगतिपत्रकांत वरचेवर येत. प्राचीन भाषांस मुख्य मान देणाऱ्या त्या शाळेस त्याचें गणिताचें वेड फारसें रुचत नसे. केवळ शास्त्रांतच प्रावीण्य मिळवावयाचें असेल तर हा मुलगा येथें वेळ दवडीत आहे, असा मुख्याध्यापकांचा अभिप्राय पडला. याच मुलानें सोळा वर्षांचा होण्याच्या सुमारास आइन्स्टाइन यांचा सापेक्षतेवरील ग्रंथ वाचला आणि त्याचें सोपें टिपण आपल्या आईसाठीं लिहून काढलें. परंतु अशा कामासाठीं प्रगतिपत्रकांत रकाना नव्हता. शिक्षकांस दोष लावण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. अक्षर खरोखरच वाईट होतें. त्यांनीं जें पाहिलें तें खरें लिहिलें. जें पाहिलें नाहीं तें हिशेबांतून सुटलें.

शाळेंत असतांनाच ॲलन यास ख्रिस्तोफर मॉरकम हा जिवलग मित्र लाभला. दोघेही गणितांत व खगोलशास्त्रांत रमत. ख्रिस्तोफर टापटिपीचा, वर्गांत पुढें असलेला. त्याच्या सहवासानें ॲलनची वहीही सुधारूं लागली. परंतु ख्रिस्तोफर यास लहानपणीं दूषित दुधापासून क्षयाची बाधा झालेली होती, आणि तीच इ. स. १९३० च्या फेब्रुवारींत त्याच्या मृत्यूस कारण झाली. मित्राच्या हातून जें कार्य व्हावयाचें राहिलें तें आपण करावें, असें ॲलन यानें मनाशीं ठरविलें. एकट्याच्या जोरावर चाललेला हा मुलगा शेजारीं कोणी उभें राहिल्यानें किती पुढें आला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें बुद्धिबळाच्या प्रकरणांत त्याचा पुन्हां उपयोग होणार आहे.

इ. स. १९३१ सालीं ट्यूरिंग केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजांत गेले व चार वर्षांत तेथील फेलो निवडले गेले. इ. स. १९३६ सालीं, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांनीं जो निबंध लिहिला, त्यानें त्यांचें नांव अजरामर केलें. चौकोन आंखलेली एक लांबच लांब कागदी पट्टी. तीवर एका वेळीं एकच चौकोन वाचणारें, लिहिणारें अथवा खोडणारें यंत्र. आणि त्या यंत्रास दिलेली नियमांची यादी. एवढ्या साध्या सामग्रीनें, नियमानें करतां येण्याजोगें कोणतेंही गणित करतां येतें, असें त्यांनीं दाखविलें. आणि कांहीं प्रश्न असेही आहेत कीं ते कोणत्याही यंत्रास सुटणार नाहींत, हेंही सिद्ध केलें. आज मुलांच्या हातांत जो मोबाईल दिसतो, त्याच्या मुळाशीं हीच कल्पना आहे.

इ. स. १९३९ च्या सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध पेटलें आणि इंग्लंडानें युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं ट्यूरिंग ब्लेच्ली पार्क येथील गुप्त कार्यालयांत रुजू झाले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नांवाच्या यंत्रानें कूटलिपींत पाठवीत असे. पोलंडांतील गणितज्ञांनीं या कुलपास पहिली किल्ली लावली होती. तिचा धागा धरून ट्यूरिंग यांनीं कूट उकलणाऱ्या नव्या यंत्राची आंखणी केली, आणि जर्मन आरमाराचे संदेश वाचण्याचें अवघड काम अंगावर घेतलें. अटलांटिक महासागरांत पाणबुड्यांच्या तडाख्यांतून कित्येक जहाजें व त्यांवरील खलाशी वांचले, त्यांत या कामाचा मोठा वांटा होता. हें सारें इतकें गुप्त ठेविलें गेलें कीं पुढें कित्येक वर्षें जगास त्याचा पत्ता नव्हता.

त्याच कार्यालयांत इंग्लंडांतील नामांकित बुद्धिबळपटूही होते : ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी व हॅरी गोलोम्बेक. युद्ध सुरू झालें तेव्हां हे तिघे ब्यूनॉस आयर्स येथें आपल्या देशाच्या संघांतून खेळत होते. कामांतून सवड मिळाली म्हणजे पट मांडले जात. ट्यूरिंग यांस हा खेळ अतिशय प्रिय. परंतु खेळाडू म्हणून ते सामान्यच होते. ट्यूरिंग यांनीं हार मानली म्हणजे गोलोम्बेक पट फिरवून घेत आणि तोच हरलेला डाव स्वतः जिंकून दाखवीत, असें सांगतात. आपणांस डाव हरलेला दिसतो, तोच दुसऱ्यास जिंकण्याजोगा दिसतो. तर मग डावाची खरी किंमत काय, आणि ती यंत्रास सांगतां येईल काय? हा प्रश्न ट्यूरिंग यांच्या मनांत युद्धकाळांतच घोळूं लागला.

युद्ध संपल्यावर इ. स. १९४८ च्या सुमारास आपले मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांच्या साहाय्यानें त्यांनीं बुद्धिबळ खेळण्याची एक नियमावली रचली. दोघांच्या नांवांवरून तीस ट्युरोचॅम्प असें नांव पडलें. ती चालवूं शकेल असें यंत्र त्या वेळीं हातीं नव्हतें. म्हणून ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाले : कागद-पेन्सिल घेऊन, नियम जसे सांगतील तसे आंकडे मांडावयाचे आणि येईल ती चाल करावयाची, स्वतःची अक्कल मध्यें आणावयाची नाहीं. इ. स. १९५२ सालीं ॲलिक ग्लेनी नांवाच्या सहकाऱ्याशीं या कागदी यंत्राचा एक डाव झाला. एकेका चालीस सुमारें अर्धा तास लागे. एकोणतिसाव्या चालीस कागदी यंत्रानें हार पत्करली; परंतु डाव खेळला गेला, आणि त्याची नोंद राहिली.

आतां या नियमावलींत गुण कसे दिले जात तें पाहूं. प्याद्यास १, घोड्यास ३, उंटास साडेतीन, हत्तीस ५ व वजिरास १० असे मूळ गुण. परंतु नुसते मोहरे मोजून डावाची किंमत कळत नाहीं, हें ट्यूरिंग जाणून होते. म्हणून कोणता मोहरा किती घरांत जाऊं शकतो, त्यास पाठबळ आहे कीं नाहीं, राजा सुरक्षित आहे काय, यांसही त्यांनीं अपूर्णांकांत गुण ठेविले. प्याद्यांसाठीं दोन नियम केले. प्यादें जितकीं घरें पुढें गेलें असेल तितक्यांदा ०.२ गुण, आणि त्याच्या पाठीशीं घोडा, उंट यांसारखा एखादा मोहरा असेल तर आणखी ०.३ गुण. राजापुढील प्यादें दोन घरें पुढें टाकलें तर ०.४ मिळाले, घोड्यानें त्यास आधार दिला तर एकंदर ०.७ झाले. एवढा हा सोपा हिशेब.

या हिशेबांत एक गोष्ट मात्र सुटली, आणि ती मोठ्या महत्त्वाची होती. एका प्याद्याच्या पाठीशीं दुसरें प्यादें असेल तर ट्यूरिंग यांच्या नियमांत त्याचा एकही गुण मिळत नसे. प्यादें आपल्या शेजाऱ्यांच्या संगतींत कसें उभें आहे, हें त्यांचें कागदी यंत्र पाहतच नसे.

वास्तविक हा विचार नवा नव्हता. फ्रान्समधील विख्यात संगीतकार व बुद्धिबळपटू फिलिडोर यांनीं इ. स. १७४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत डावाचें सारें सत्त्व प्याद्यांच्या मांडणींत असतें, असें प्रतिपादन केलें होतें. आपल्याकडेही प्याद्यास तुच्छ मानीत नसत. मुंबईंत इ. स. १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापून निघालें. आणि आपल्या जुन्या खेळांत प्याद्यानें केलेली मात विशेष मानाची समजत. याचें कारण उघड आहे. घोडा चुकला तर मागें येतो, वजीर चुकला तर मागें येतो. प्यादें एकदां पुढें टाकलें कीं तें मागें फिरत नाहीं. म्हणून प्याद्यांच्या मांडणींत झालेली चूक डाव संपेपर्यंत पटावर राहते.

हा सुटलेला हिशेब अमेरिकेंतील गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनीं मांडला. युद्धकाळांत, इ. स. १९४३ सालीं, ट्यूरिंग अमेरिकेस गेले असतां या दोघांची भेट झाली होती. शॅनन यांनीं इ. स. १९४९ च्या मार्चांत न्यूयॉर्क येथें एक व्याख्यान दिलें व पुढील वर्षीं तें निबंधरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांत प्याद्यांचे तीन दोष सांगितले आहेत. एकाच उभ्या ओळींत एकामागें एक अडकलेलीं दुहेरी प्यादीं. शेजारचीं प्यादीं पुढें निघून गेल्यानें आधारावांचून मागें पडलेलें प्यादें. आणि दोन्ही बाजूंच्या ओळींत आपलें एकही प्यादें नसलेलें एकाकी प्यादें. अशा प्रत्येक दोषास त्यांनीं अर्धा गुण वजा केला. म्हणजे असे दोन दोष पटावर आले तर एक सबंध प्यादें गमावल्यासारखें झालें. हे आंकडे आपण अंदाजानें धरले आहेत, हेंही त्यांनीं मोकळेपणानें नमूद केलें.

पुढील यंत्रांनीं याच वाटेनें प्रगति केली. पटाचीं ६४ घरें म्हणजे ६४ आंकड्यांची एक माळ समजावयाची. जेथें प्यादें तेथें १, नाहीं तेथें ०. एखाद्या प्याद्याच्या डाव्या व उजव्या ओळींतील सर्व आंकडे शून्य निघाले म्हणजे तें एकाकी, हें यंत्रास क्षणार्धांत कळतें. ज्याच्या पुढील वाटेवर व शेजारच्या दोन्ही ओळींत शत्रूचें एकही प्यादें उरलें नाहीं, त्या मोकळ्या प्याद्यास अधिक गुण मिळूं लागले. कारण तें अखेरच्या घरीं पोंचून वजीर होऊं शकतें. डावाच्या आरंभीं अशा प्याद्यास थोडे गुण, आणि मोहरे कमी होऊन डाव अखेरीस आला म्हणजे पुष्कळ गुण, असाही भेद यंत्रांस शिकविण्यांत आला. शिवाय प्याद्यांची मांडणी चालीगणिक क्वचितच बदलते. म्हणून एकदां काढलेले गुण यंत्र आपल्या स्मरणवहींत टिपून ठेवतें आणि तीच मांडणी पुन्हां आली म्हणजे नवा हिशेब न करतां तेच वापरतें. इ. स. १९९७ सालीं डीप ब्ल्यू या यंत्रानें जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांस हरविलें, तेव्हां त्याच्याही हिशेबांत प्याद्यांच्या गुणदोषांस स्थान होतें. इ. स. २०२० पासून स्टॉकफिश या नामांकित आज्ञावलींत असंख्य डावांच्या स्थितींवरून यंत्रानें स्वतः शिकलेल्या जाळ्याचा उपयोग होऊं लागला. एकाकी प्याद्यास किती गुण वजा करावे हें आतां मनुष्यास सांगावें लागत नाहीं. मात्र यंत्रानें तो गुण कां कापला, याचें कारण शब्दांत मागितलें तर तें आंकड्यांच्या राशींत हरवलेलें असतें.

शॅनन यांनीं एकाकी प्याद्यांचा हिशेब मांडला त्याच इ. स. १९४९ सालीं, युद्धकाळांतील कल्याणच्या लष्करी छावणींत आसऱ्यास आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. घरदार सोडून आलेल्या या माणसांचें मोल त्या दिवशीं त्यांच्या हातांतील गांठोड्यावरून कोणी ठरविलें असतें, तर तें किती चुकलें असतें, हें या गांवच्या आजच्या बाजारपेठा व कारखाने पाहणाऱ्यांस सांगावयास नको. शेजारीं शेजारी उभा राहिला कीं प्याद्याचें मोल पालटतें.

ट्यूरिंग यांच्या नियमावलींत आणखी एक फार शहाणपणाचा नियम होता. मारामारी चालू असतांना डावाची किंमत करावयाची नाहीं. आपण वजिरानें प्यादें मारलें आणि तेवढ्यावरच एक गुण वाढला म्हणून हिशेब मिटविला, तर पुढच्याच चालीस वजीर मारला जाणार आहे हें दिसत नाहीं. म्हणून पटावरील घेणें-देणें संपून स्थिति शांत होईपर्यंत पुढें पाहत जावें, आणि मगच गुण मोजावे, असें त्यांनीं ठरविलें. आजच्या बहुतेक चांगल्या आज्ञावली हा नियम पाळतात.

खेद एवढाच कीं स्वतः ट्यूरिंग यांच्या बाबतींत त्यांच्या देशानें तो पाळला नाहीं. इ. स. १९५१ सालीं ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले होते. यंत्रें विचार करूं शकतील काय, या प्रश्नावरील त्यांचा निबंध गाजत होता, वनस्पतींच्या व प्राण्यांच्या अंगावरील आकृति कशा उमटतात याचें गणित ते करीत होते, इ. स. १९४७ सालीं २ तास ४६ मिनिटांत मॅरेथॉनची शर्यत पुरी करणारे ते कसलेले धांवपटूही होते. परंतु पुरुषानें पुरुषावर प्रेम करणें हा त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें गुन्हा होता. इ. स. १९५२ सालीं त्या कायद्याखालीं ट्यूरिंग यांजवर खटला झाला. आपण कांहीं वाईट केलें आहे असें त्यांनीं मानलें नाहीं व कांहीं लपविलेंही नाहीं. तुरुंगाऐवजीं त्यांस वर्षभर शरीरास अपाय करणारें औषध घ्यावें लागलें, आणि सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजे त्यांस बंद झाले. ज्यानें युद्धांत असंख्य जीव वांचविले, त्याचें मोल न्यायालयानें एका रकान्यावरून ठरविलें. दुसरा रकाना गुप्त होता, आणि तो उघडण्याची मुभा खुद्द आरोपीसही नव्हती.

ता. ७ जून १९५४ रोजीं विषबाधेनें त्यांचें देहावसान झालें. ही आत्महत्या होय असा चौकशीचा निर्णय झाला. त्यांच्या वृद्ध मातेनें मात्र हा घरांतील रासायनिक प्रयोगांत झालेला अपघात होता, असें अखेरपर्यंत मानलें. त्यांस बेचाळीस वर्षें पूर्ण होण्यास अवघे सोळा दिवस उरले होते.

पुढें युद्धांतील कागद उघडे झाले आणि जगानें हिशेब पुन्हां मांडला. इंग्लंडांतील तो कायदा इ. स. १९६७ सालीं सैल झाला. इ. स. २००९ सालीं ब्रिटनच्या पंतप्रधानांनीं ट्यूरिंग यांस मिळालेल्या वागणुकीबद्दल देशाच्या वतीनें क्षमा मागितली, इ. स. २०१३ च्या डिसेंबरांत राणीनें त्यांस मरणोत्तर माफी दिली, आणि इ. स. २०२१ सालीं त्यांच्या जन्मदिनीं त्यांचें चित्र असलेली पन्नास पौंडांची नोट चलनांत आली. आपल्या देशांतही सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०१८ सालीं तशाच जुन्या कलमाचा जाच दूर केला. इ. स. २०१२ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, ट्युरोचॅम्प ही त्यांची जुनी नियमावली मँचेस्टर येथें गणकयंत्रावर चालविली गेली आणि तिच्याशीं कास्पारोव्ह स्वतः खेळले. सोळा चालींत त्यांनीं तिच्यावर मात केली, परंतु जिनें वाट दाखविली तिचा मान म्हणून ते पटावर बसले होते. क्षमा, माफी व सन्मान हे सर्व आलें. ज्याच्यासाठीं आलें तो मात्र पटावर नव्हता. प्याद्याप्रमाणेंच कांहीं निर्णयही मागें फिरत नाहींत.

या चरित्रापासून आम्ही गुणपत्रकें फाडून टाकण्याचा बोध घेत नाहीं. ट्यूरिंग यांनीं स्वतः गुण दिलेच. गुणांवांचून यंत्रास चाल सुचत नाहीं आणि शाळेसही पुढचा पाठ सुचत नाहीं. परंतु त्यांच्या नियमांतून जें सुटलें तें शॅनन यांनीं मांडलें, शॅनन यांचा अपुरा ठरला तेव्हां इतरांनीं घातली, आणि कोणासही त्यांत कमीपणा वाटला नाहीं. मनुष्याविषयीं केलेला हिशेब मात्र आपण एकदांच करतों व दगडावर कोरून ठेवतों, ही आमची तक्रार आहे.

म्हणून आईबापांस आमची विनंती अशी कीं पुढील गुणपत्रक हातीं आलें म्हणजे त्यांतील आंकडा अवश्य वाचावा, आणि मग मुलाजवळ बसून, ज्यास रकाना नाहीं असें तो काय करतो, तेंही विचारावें. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें याहून सोपें आहे. तुमच्या वर्गांत एखादा मुलगा बाकाच्या टोकाशीं एकटा बसत असेल. मधल्या सुट्टींत बुद्धिबळाचा पट मांडाल तेव्हां त्यास खेळावयास बोलवा, आणि डाव संपल्यावरही त्याच्या शेजारींच बसा.